गाडी चालवताना फोन: काय चालतं, काय नाही, आणि चलन आलं तर काय करायचं

“फोन कानाला नव्हता, मांडीवर होता, तरी दंड कसा?” “सिग्नलला गाडी उभी होती, मग मी ‘चालवत’ कुठे होतो?” “नकाशासाठी फोन हँडलला लावलाय, तेही चालत नाही का?” वाहतुकीच्या नियमांविषयी वाचकांचे जे प्रश्न येतात, त्यांत हे तीन सारखे येत राहतात.

हे विचारणारी माणसं कायदा मोडायला निघालेली नसतात. ऐकीव माहितीचे तुकडे डोक्यात असतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. “कानाला नसला की चालतं” हे चूक. “ब्लूटूथवर बोलायला पूर्ण मुभा आहे” हे अर्धवट. आणि “दंड भरला की विषय संपला” ही समजूत सर्वांत महागात पडणारी, कारण तिच्यापायी लायसन्स जाऊ शकतं. म्हणून आधी कायद्याचे शब्द बघू, मग एकेक प्रसंग घेऊ.

कायदा नेमकं काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८४ धोकादायक रीतीने वाहन चालवण्याविषयी आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यात ‘धोकादायक’ म्हणजे काय हे स्पष्ट केलं. लाल सिग्नल तोडणं, उलट दिशेने गाडी घालणं यांच्याच पंगतीत ‘गाडी चालवताना हातात धरलेल्या संपर्क साधनाचा वापर’ बसवला आहे. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. ३ वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा केलात तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

इथे ‘हातात धरलेलं’ आणि ‘वापर’ हे दोन्ही शब्द नीट वाचा. कलमात ‘बोलणं’ असं म्हटलेलं नाही. मेसेज वाचणं, व्हॉइस नोट पाठवणं, गाणं बदलणं, कोणाचा फोन आला ते उचलून बघणं, हा सगळा वापरच. मांडीवरचा फोन उचलून बघितलात की तो हातातला झाला.

नकाशाचा प्रश्न ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी सोडवला. असं साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येतं, आणि तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. गाडी चालू असताना चालकाने व्हिडिओ पाहू नये, हेही वाहन चालवण्याच्या २०१७ च्या केंद्रीय विनियमांत आहे. अपवाद पुन्हा नकाशाचाच.

शिवाय एक नियम फारसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ मध्ये, कोणत्या कृत्यांसाठी लायसन्स काढून घेता येतं त्यांची यादी आहे. तिच्यात ‘वाहन चालवताना मोबाइल फोनचा वापर’ एवढंच लिहिलं आहे. ‘हातात धरलेला’ हा शब्द तिथे नाही.

तुमचा प्रसंग कोणता?

- सिग्नलला किंवा कोंडीत उभे आहात. ‘गाडी थांबलेली असेल तर फोन चालेल’ अशी सवलत आपल्या कायद्यात कुठेही लिहिलेली नाही. गाडी रस्त्यावर आहे, तुम्ही स्टिअरिंगवर आहात, आणि दिवा हिरवा झाला की निघणार आहात. याला गाडी चालवणंच समजा. सिग्नलवरच्या कॅमेऱ्यात सर्वांत स्पष्ट फोटो उभ्या गाडीचाच येतो, हेही लक्षात असू द्या.
- नकाशा, फोन होल्डरमध्ये. चालतं. पण ठिकाण टाकायचं ते निघण्यापूर्वी. वाटेत पत्ता बदलायचा असेल तर गाडी कडेला घ्या, किंवा शेजारी बसलेल्याला सांगा. दुचाकीवर होल्डर असला तरी आवाजातल्या सूचनांवर चला. खड्डे चुकवत असताना खाली बघायला सवड नसते.
- तोच नकाशा, पण फोन हातात. एका हातात हँडल, दुसऱ्यात फोन, हे दृश्य पुण्यात रोज दिसतं. रस्ता शोधण्याची मुभा लक्ष विचलित न होण्याच्या अटीवर आहे आणि ही अट इथे उघड मोडते. ‘मी फक्त मॅप बघत होतो’ या सांगण्यावर विसंबू नका.
- ब्लूटूथ, गाडीचा स्पीकर. कलम १८४ मधल्या ‘हातात धरलेल्या’ या वर्णनात हे थेट बसत नाही. पण वर सांगितलेला नियम २१ आठवा. तिथे हात मोकळा होता का, हा प्रश्नच नाही. बोलण्याच्या नादात गाडी भरकटली तर कलम १८४ चा सर्वसाधारण भाग लागू होतोच. दुचाकीवर दोन्ही कानांत इअरफोन घालून तर निघूच नका. मागच्या ट्रकचा हॉर्न आणि रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू न येणं ही परिस्थिती तुम्ही स्वतःहून ओढवून घेता.
- हेल्मेटमध्ये खोचलेला फोन. हात मोकळे आहेत, म्हणून नियमात बसतं असं अनेकांना वाटतं. पण फोन घुसवायचा म्हणजे हेल्मेट सैल हवं किंवा पट्टा उघडा हवा, आणि हेल्मेट घट्ट बांधलेलं असणं कलम १२९ नुसार सक्तीचं आहे. शिवाय फोन घसरायला लागला की हात आपोआप तिकडे जातोच.
- मागे किंवा शेजारी बसलेली व्यक्ती. तिने फोन वापरायला कलम १८४ ची आडकाठी नाही. फक्त तिने स्क्रीन चालकाच्या तोंडासमोर धरू नये.

गाडीतला टचस्क्रीन

नव्या गाड्यांत एसी, आरसे, गाणी, कधी वायपरसुद्धा स्क्रीनच्या आत गेले आहेत. ‘हा तर कंपनीने बसवलेला, याला कोण दंड करणार?’ असा प्रश्न येतो. गाडीत पक्का बसवलेला स्क्रीन ‘हातात धरलेलं साधन’ नाही, हे खरं. पण कलम १८४ चा व्यापक भाग काळजीपूर्वक चालवणाऱ्या, सक्षम चालकाकडून जे अपेक्षित आहे त्याच्या फार खाली जाण्याविषयी आहे. तो फोनपुरता मर्यादित नाही.

जर्मनीत याचा निकालच लागला आहे. एका चालकाने पावसात टेस्लाच्या स्क्रीनवर वायपरचा वेग बदलायला घेतला, गाडी रस्त्याबाहेर जाऊन झाडांवर आदळली. २०० युरो दंड आणि एक महिना गाडी चालवण्यास बंदी, ही शिक्षा कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने २०२० मध्ये कायम केली. वायपर ही गाडी चालवण्यासाठीच लागणारी गोष्ट आहे, हा बचाव टिकला नाही. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण कुठलं बटण कशासाठी आहे यापेक्षा नजर किती वेळ रस्त्यावरून हटली हे महत्त्वाचं, ही त्यातली दृष्टी आपणही घ्यावी अशी आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६ मीटरहून जास्त पुढे जाते. एसीचा पर्याय शोधण्यात तीन सेकंद गेले तर पन्नासेक मीटर रस्ता तुम्ही न बघताच कापलेला असतो.

निघण्यापूर्वी, गाडी जागेवर असतानाच, एवढं करून घ्या:

1. नकाशात ठिकाण टाका आणि वाट एकदा डोळ्यांखालून घाला.
2. एसी, आरसे, गाणी लावून घ्या. पाऊस असेल तर काचेवरची वाफ घालवण्याचं बटण कुठे आहे ते बघून ठेवा.
3. फोनवर ‘ड्रायव्हिंग’चा मोड लावा. बहुतेक फोनमध्ये ‘मी गाडी चालवत आहे’ असा मेसेज आपोआप जाण्याची सोय असते.
4. आवाज आणि कॉलची स्टिअरिंगवरची बटणं न बघता बोटाला सापडतात का, ते पाहा.

नवी गाडी घेणार असाल तर शोरूममध्ये स्क्रीन किती इंची आहे हे विचारण्याआधी वायपर, एसी आणि काचेवरची वाफ घालवण्यासाठी खरीखुरी बटणं आहेत का ते विचारा. युरोपातल्या युरो एनकॅप या सुरक्षा-चाचणी संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींसाठी स्वतंत्र बटणं किंवा दांड्या असण्याला गुणांत महत्त्व दिलं आहे, ते उगाच नव्हे.

ज्यांचं पोटच फोनवर चालतं

डिलिव्हरी करणारे, रिक्षा आणि कॅब चालवणारे यांची अडचण वेगळी आहे आणि ती खरी आहे. ऑर्डर आली की काही सेकंदांत स्क्रीनला बोट लावावं लागतं, नाहीतर ती दुसऱ्याला जाते. पण नियमाने दिलेली मुभा रस्ता शोधण्यापुरती आहे. ऑर्डर स्वीकारणं, ग्राहकाशी चॅट करणं, ओटीपी बघणं त्यात येत नाही. म्हणून फोन पक्क्या होल्डरमध्येच ठेवा, ऑर्डर घ्यायची ती गाडी कडेला लावून, आणि ‘कुठपर्यंत आलात?’ असा फोन आला तर तो वाजू द्या.

तुम्ही ग्राहक असाल तर इथे तुमचाही वाटा आहे. जेवण मागवल्यावर पोराला वाटेत फोन करून रस्ता सांगू नका. मागवतानाच खूण नीट लिहा. घरच्या माणसाला फोन केलात तर आधी “गाडी चालवतोयस का?” विचारा, आणि “हो” आलं की फोन ठेवून द्या.

पोलिसांनी थांबवलं तर

गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, मगच फोन काढा. गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवावंच लागतं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या अ‍ॅपमधली कागदपत्रं मूळ कागदांसारखीच ग्राह्य आहेत.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून या गुन्ह्याची तडजोड रक्कम (म्हणजे न्यायालयात न जाता भरायचा दंड) दुचाकीला १,०००, चारचाकीला २,००० आणि इतर वाहनांना ४,००० रुपये आहे. ३ वर्षांत पुन्हा सापडलात तर १०,०००. हे आकडे राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे गोव्यात किंवा कर्नाटकात गेल्यावर हीच रक्कम असेल असं धरून चालू नका.

तुमच्यापुढे दोन वाटा असतात. आरोप खरा असेल तर रक्कम भरा आणि पावती किंवा ई-चलनाचा क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. आरोप मान्य नसेल तर शांतपणे सांगा, “मला हे मान्य नाही, प्रकरण न्यायालयात पाठवा.” तडजोड ही तुमच्या संमतीनेच होते. पावतीविना ‘मिटवून टाकण्याची’ तिसरी वाट धरू नका. लाच मागणं जसा गुन्हा आहे, तसं लाच देणंही.

गाडी अडकवून ठेवण्याची कारणं कलम २०७ मध्ये दिली आहेत: लायसन्स, नोंदणी, परमिट नसणं वगैरे. फोन वापरणं त्यात नाही. लायसन्स मात्र कलम २०६ खाली ताब्यात घेता येतं, आणि त्याची पावती द्यावीच लागते. ही पावती नीट वाचा. अशा प्रकरणातली पावती म्हणजे गाडी चालवण्याची परवानगी नव्हे. लायसन्स परत मिळेपर्यंत गाडी चालवायची नाही.

ई-चलन आलं तर

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून बसवलेली कॅमेऱ्यांची यंत्रणा वेगाबरोबर सीटबेल्ट आणि हातातला फोनही टिपते. शहरांतले कॅमेरेही आहेत. केंद्रीय नियम १६७ ए नुसार अशा गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवायची असते. गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम एवढं तिच्यात हवं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी सूचनाफलक असावा, असंही हाच नियम सांगतो.

1. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बँक खातं साफ करणाऱ्या टोळ्या आहेत. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं ई-चलन संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असलंच पाहिजे. गाडीचा क्रमांक टाकून चलन खरं आहे का ते बघा.
2. फोटो मोठा करून बघा. गाडी तुमचीच का? हातात फोन आहे का, की तुम्ही गालाला हात लावला होता? फोटो अस्पष्ट असेल तर तोच तुमचा मुद्दा.
3. फोटो वाहतूक पोलिसाच्या खासगी मोबाइलवरचा वाटतो का? जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाच्या अपर पोलीस महासंचालकांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये असे आदेश दिले. त्यानंतरचं चलन असेल तर तक्रारीत हे लिहा.
4. मान्य नसेल तर संकेतस्थळावरच्या किंवा अ‍ॅपमधल्या तक्रारीच्या रकान्यात लेखी हरकत घ्या आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. चलनावर मुदत दिलेली असेल तर ती चुकवू नका. लोकअदालत तडजोडीसाठी असते. आरोपच मान्य नसेल तर तिची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.
5. गाडी दुसरं कोणी चालवत होतं का? चलन मालकाच्या नावाने येतं, पण हा गुन्हा चालकाचा आहे. पोलिसांनी विचारल्यावर चालकाचं नाव आणि लायसन्सची माहिती देणं मालकावर बंधनकारक आहे. मुलाने किंवा ड्रायव्हरने केलेला गुन्हा गुपचूप स्वतःच्या नावावर भरू नका.

जुनी गाडी विकली, पण आरटीओत नाव बदलून घेतलं नाही, अशा लोकांना नव्या मालकाची चलनं येत राहतात. त्यात पोलिसांची चूक नाही. हस्तांतर पूर्ण झाल्याचं स्वतः जाऊन तपासा.

दंड भरल्यावर काय उरतं

हा भाग घाईत वाचू नका. कलम २०० फोन वापरल्याच्या गुन्ह्यात तडजोड करू देतं, पण सोबत दोन अटी घालतं. पहिली, भरलेला दंड तुमचा ‘पहिला गुन्हा’ म्हणून मोजला जातो. तीन वर्षांत पुन्हा पकडले गेलात तर ‘मागचं तर मिटलं होतं’ हे चालत नाही. दुसरी, तडजोड झाली तरी लायसन्सवरची कारवाई टळत नाही.

ही कारवाई अशी होते. पोलीस लायसन्स आरटीओकडे पाठवतात. पहिल्या गुन्ह्याला ते ३ महिने निलंबित होऊ शकतं, दुसऱ्याला रद्दच होऊ शकतं. निलंबनानंतर उजळणी प्रशिक्षणही घ्यावं लागतं. पण त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं आणि आदेशाची कारणं लिहून देणं आरटीओवर बंधनकारक आहे. सुनावणीची नोटीस आली तर जाच. फोटो, प्रसंगाची तारीख-वेळ, सोबत असलेल्याचा जबाब असं जे असेल ते घेऊन जा. आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

निलंबनाच्या काळात ‘जवळच तर जायचंय’ म्हणून गाडी काढली आणि सापडलात, तर कलम १८२ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. ज्यांची नोकरीच ड्रायव्हरची आहे त्यांनी हे गणित आधीच मांडून ठेवावं: दंड एका दिवसात भरून होतो, लायसन्स मात्र तीन महिन्यांचा पगार घेऊन जातं.

अपघात घडला तर

इथे प्रकरण चलनाच्या पलीकडे जातं. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. पोलीस फोन पुरावा म्हणून जप्त करू शकतात, आणि तुम्ही कॉलचा इतिहास पुसला तरी मोबाइल कंपनीकडे कॉलची वेळ नोंदलेली असते. काही पुसू नका, जखमीला मदत करा, पोलिसांना कळवा आणि वकील गाठा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात मोबाइल वापरामुळे झालेल्या १,९९७ अपघातांत १,०४० माणसं गेली. ज्या अपघातांत फोनची नोंदच झाली नाही, ते या आकड्यांत नाहीत.

परदेशात गाडी चालवणार असाल

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांनी तिथला नियम वेगळा लिहिलेला आहे हे ध्यानात घ्यावं. मार्च २०२२ पासून फोन हातात धरून जवळपास काहीही करणं गुन्हा आहे, आणि सिग्नलला किंवा कोंडीत उभं असतानाही तो लागू होतो. २०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ गुण. तिथली परीक्षा पास होऊन दोन वर्षं झाली नसतील तर ६ गुणांतच लायसन्स जातं.

तुम्ही प्रवासी असाल तर

मार्च २०२५ मध्ये मुंबईहून पुण्याला निघालेल्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवत असताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत होता. एका प्रवाशाने चित्रफीत काढून परिवहन मंत्र्यांपर्यंत पोचवली. चालक बडतर्फ झाला आणि त्याला नेमणाऱ्या खासगी कंपनीला दंड झाला. म्हणजे तक्रारीने काम होतं; फक्त ती नीट करायला हवी.

चालत्या गाडीत चालकाशी हुज्जत घालू नका, त्याने त्याचं लक्ष आणखी उडेल. शांतपणे एकदा सांगा: “साहेब, फोन ठेवा, नाहीतर गाडी बाजूला घ्या.” ऐकलं नाही तर जागेवरूनच थोडं चित्रण करा. त्यात चालकाचे हात आणि समोरचा रस्ता दोन्ही दिसू द्या, म्हणजे गाडी चालू होती हे सिद्ध होतं. एसटी असेल तर तिकीट जपून ठेवा. बस क्रमांक, मार्ग आणि वेळ लिहून घ्या आणि आगार व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार द्या. अ‍ॅपवरची रिक्षा किंवा कॅब असेल तर प्रवास संपण्याची वाट न बघता अ‍ॅपमधल्या सुरक्षेच्या बटणावरून कळवा, आणि सुरक्षित जागा आली की उतरा. खासगी बसच्या बाबतीत कंपनीच्या ‘बघतो’वर थांबू नका, त्याच तपशिलासह आरटीओकडेही अर्ज द्या. शाळेच्या व्हॅनचा चालक फोनवर दिसला तर मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी कळवा, आणि त्याची पोच घ्या.